जुनं ते सोनं, की टिकलं ते सोनं?

या शनिवारचा विषय दगड आहे. थांबा, टॅब बंद करू नका :-) दगड साधासुधा नाहीये. हा दगड एका पावसात खराब होतो.

टांझानियाच्या उत्तर भागात, नेट्रॉन सरोवराच्या दक्षिणेला एक ज्वालामुखी आहे. नाव ओल दोइन्यो लेंगाई. मसाई भाषेत अर्थ 'देवाचा डोंगर'. उंची तीन हजार मीटरला थोडीशीच कमी. लांबून पाहिलं तर शिखरावर बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसतं, आणि बर्‍याच लोकांना तो बर्फच वाटतो. पण तो बर्फ नव्हे, तो लाव्हा आहे. पांढरा लाव्हा!

आता लाव्हा म्हटलं की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यासमोर सह्याद्री येतो. काळाकभिन्न बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षं झाली, तो आहे तिथेच आहे. त्यात अजिंठ्याची लेणी कोरली, त्यावर किल्ले बांधले, आणि आता त्यातून आपण एक्सप्रेसवेचे बोगदे काढतो. आपल्या लेखी लाव्हा म्हणजे टिकण्याची परिसीमा. हा बेसाल्ट म्हणजे सिलिकेट, आणि वितळलेला असताना त्याचं तापमान साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सियस असतं.

लेंगाईचा लाव्हा या सगळ्याच्या उलटा. तापमान ५०० ते ६०० अंशांच्या आसपास. इतका 'थंड', की दिवसाउजेडी तो लाल दिसतच नाही. काळपट तपकिरी इंजिन ऑइल वाहतंय असं वाटावं, आणि पातळही तितकाच. त्यात सिलिका जवळपास नाही, असतात ते कार्बोनेट. त्यातली दोन मुख्य खनिजं म्हणजे न्येरेरेआइट आणि ग्रेगरीआइट. आज आपण न्येरेरेआइटबद्दल बोलू.

रसायनशास्त्र दहावीनंतर सोडलेल्यांसाठी सोपी रेसिपी अशी: एक भाग धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि एक भाग चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट). दोन्ही मिळून एक स्फटिक. झालं न्येरेरेआइट. दोन्ही गोष्टी आपल्या आजूबाजूला ढिगाने सापडतात. पण त्या दोन्हींचा हा असा एकत्र स्फटिक ताज्या लाव्हात पाहायचा असेल तर आज जगात जागा एकच, लेंगाई. असा लाव्हा ओकणारा दुसरा चालू ज्वालामुखी नाही.

आता गंमत. लाव्हा बाहेर पडला, थंड झाला, काळा झाला. आणि मग काही तासांतच पांढरा पडायला लागतो. हवेतली वाफ पुरते. पाऊस आला तर बघायलाच नको. न्येरेरेआइट पाणी शोषून पिर्सोनाइट नावाचं दुसरं खनिज होतं, मग हळूहळू सोडियम वाहून जातो, आणि शेवटी मागे उरतो तो कॅल्साइट. म्हणजे चुनखडी. रेसिपीतला सोडा गेला, चुना राहिला. ज्यांना ताजा नमुना हवा असतो ते तो लगेच उचलून हवाबंद डब्यात भरतात. प्रयोगशाळेतही मायक्रोस्कोपखाली बघायची पातळ चकती घासताना नेहमीसारखं पाणी वापरता येत नाही, तेलबिल वापरावं लागतं. पाणी लागलं की नमुना गायब.

नावांचीही एक छोटी गोष्ट आहे. ग्रेगरीआइट हे नाव जे. डब्ल्यू. ग्रेगरी या ब्रिटिश भूशास्त्रज्ञावरून आलं. १८९२-९३ मध्ये ते पूर्व आफ्रिकेच्या त्या प्रचंड खचदरीत हिंडले आणि तिच्यावर पुस्तक लिहिलं. न्येरेरेआइट हे नाव ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून, म्हणजे टांझानियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांवरून. टांगानिका १९६१ साली स्वतंत्र झाला, आणि हे नाव त्यानंतर लवकरच पडलं. एकाच लाव्हात शेजारी शेजारी साम्राज्यातला संशोधक आणि स्वातंत्र्याचा नेता. आणि दोघंही पावसाला भितात! असो.

मुद्द्यावर येतो.

कार्बोनेटाइट नावाचे खडक जगात पाचशेहून जास्त ठिकाणी सापडलेत. ते जवळपास सगळे जुने, आणि बहुतेक कॅल्साइटचे नाहीतर डोलोमाइटचे बनलेले. ब्रॉग्गर नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९२१ साली तिथल्या फेन या जागेचा अभ्यास करताना त्यांना हे नाव दिलं आणि सांगितलं की हे खडक वितळलेल्या रसापासून झालेत. बर्‍याच लोकांना हे पटेना. आणि त्यांचा आक्षेप अगदी रास्त होता बरं का. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव ज्या धंद्यावरून पडलं, तो आठवा. चुनखडी भट्टीत तापवली की ती वितळत नाही. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. मग चुनखडीचा लाव्हा होईल कसा? हे सगळं साध्या गाळाच्या चुनखडीचंच काहीतरी उलटसुलट झालेलं असणार, असं मोठमोठी माणसं म्हणत होती.

मग १९६० साली दोन गोष्टी झाल्या. वायली आणि टटल या जोडीने प्रयोगशाळेत दाखवलं, की दाबाखाली आणि पाण्याच्या सोबतीने हा पदार्थ बर्‍यापैकी कमी तापमानालाही वितळतो. आणि त्याच वर्षी जे. बी. डॉसन नावाच्या भूशास्त्रज्ञाने लेंगाईच्या विवरात जाऊन कार्बोनेटचा लाव्हा प्रत्यक्ष वाहताना पाहिला. १९६२ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं टिपण आलं. वाद मिटला? एक मिटला. दुसरा सुरू झाला.

तो दुसरा वाद मला जास्त आवडतो. लेंगाईचा लाव्हा सोड्याने भरलेला आहे, आणि जुन्या कार्बोनेटाइटमध्ये सोडा जवळजवळ नाही. मग लेंगाई हा एक विचित्र अपवाद आहे का? की जुन्यांमध्येही सोडा होता, आणि तो केव्हाच वाहून गेला?

शब्द बदलून विचारतो. न्येरेरेआइट दुर्मिळ आहे, ते क्वचित जन्मतं म्हणून, की क्वचित टिकतं म्हणून?

या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण जमिनीवर उभं राहून पाहिलं तर दोन्ही अगदी सारखंच दिसतं. समोर काहीच नसतं.

मग शास्त्रज्ञ काय करतात? ते शेजार्‍यांकडे चौकशी करतात. कार्बोनेटाइटच्या भोवतीचा खडक बर्‍याचदा बदललेला असतो. त्यात सोडियम आणि पोटॅशियम मुरलेलं असतं, जुनी खनिजं जाऊन नवी आलेली असतात. अशा खडकाला त्या नॉर्वेतल्या फेनवरूनच फेनाइट म्हणतात. आता आतला खडक कॅल्साइटचा, त्यात सोडा नाही, आणि शेजारी मात्र सोड्याने माखलेला. मग तो आला कुठून? उघड आहे. पाहुणा निघून गेला, पण भिंतीवर हात पुसून गेला.

याचं उदाहरण बघायला टांझानियाला जायची गरज नाही. गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात, नर्मदेच्या पट्ट्यात अंबाडुंगर आहे. ते कार्बोनेटाइट आपल्या दख्खनच्या लाव्हाच्याच काळातलं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे सुखेश्वाला आणि त्यांच्याबरोबर उदास यांनी १९६३ साली त्याची ओळख जगाला करून दिली. म्हणजे डॉसनच्या टिपणानंतर वर्षभरातच. तिथेही आत कॅल्साइट आहे आणि भोवतीच्या वालुकाश्मात फेनाइट झालेलं आहे. तिथे न्येरेरेआइट होतंच असं मी म्हणत नाहीये. पण आज जेवढा सोडा आत दिसतो त्यापेक्षा जास्त तिथून गेलाय, एवढं तो वालुकाश्म सांगतो.

दुसरी युक्ती म्हणजे बंद डबे शोधणं. लेंगाईच्या शेजारीच केरिमासी नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. त्याचं कार्बोनेटाइट आज साधं कॅल्साइटचं दिसतं. पण त्यातल्या मॅग्नेटाइट आणि अ‍ॅपेटाइटच्या स्फटिकांच्या पोटात रसाचे बारीक थेंब अडकून राहिलेत, आणि त्यांत न्येरेरेआइट सापडलंय. बाहेरचं सगळं धुतलं गेलं, आतलं वाचलं. याहून भारी उदाहरण ब्राझीलचं. तिथल्या जुइना भागातल्या, पृथ्वीच्या फार खोलातून वर आलेल्या हिर्‍यांच्या पोटात न्येरेरेआइटचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. उघड्यावर एक पावसाळा न काढणारं खनिज हिर्‍याच्या आत मजेत बसलं होतं. जगातला सगळ्यात महाग झिपलॉक!

वाद पूर्ण मिटलेला नाही. लेंगाईचा रस हा खूप उशिराचा, खास परिस्थितीतला प्रकार आहे, सगळ्या कार्बोनेटाइटचा आजोबा नव्हे, असं म्हणणारे अभ्यासक आहेतच, आणि त्यांचे मुद्देही वजनदार आहेत. माझा निष्कर्ष त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. मला त्यांची प्रश्न विचारायची पद्धत महत्त्वाची वाटते. 'दिसत नाही' यावरून ते थेट 'नव्हतं' असं म्हणत नाहीत. आधी विचारतात, 'असतं, तर टिकलं असतं का?'

आपण हे विचारतो का? मला वाटतं, अजिबात नाही.

'जुनं ते सोनं' ही म्हण घ्या. सोनं गंजत नाही, कशाशी सहज रिअ‍ॅक्ट होत नाही, म्हणून जुनं सोनं सापडतं. जुनी मडकी फुटली, जुन्या गोधड्या विरल्या. आजीच्या काळातलं पितळेचं पातेलं आजही दणदणीत आहे, कारण जी पातेली दणदणीत नव्हती ती मोडीत गेली. जुनी गाणी छान होती म्हणतो, कारण भिकार गाणी कुणी जपून ठेवली नाहीत. इतिहासाचंही तेच. ताम्रपट आणि शिलालेख टिकतात, आणि त्यांवर दानं असतात, राजांची नावं असतात. बाजाराची यादी कुणी तांब्यावर कोरत नाही. म्हणून वाटतं की तेव्हा माणसं नुसती दानंच देत होती :-) जे टिकलं त्यालाच आपण 'होतं' म्हणतो.

ऑफिसात तर रोजचंच आहे. रात्री तीन वाजता सर्व्हिस कोसळते, ऑटोमॅटिक रिस्टार्ट होते, मेमरीतलं सगळं पुसलं जातं. सकाळी लॉग स्वच्छ. मग तिकिटावर शेरा पडतो: 'रिप्रोड्यूस होत नाही', आणि तिकीट बंद. अरे बाबा, पुरावा पाण्यात विरघळणारा होता, आणि तू पावसानंतर गेलास! जुना कोड बघून 'काय स्टेबल लिहायचे तेव्हा' म्हणणार्‍यांनाही हेच सांगावंसं वाटतं. तेव्हाचा जो कोड अनस्टेबल होता तो दहा वर्षांपूर्वीच डिलीट झाला.

आणि ते दरवर्षीचे एम्प्लॉयी सर्व्हे. आमच्याकडे लोक किती खूश आहेत याचे रंगीत आलेख. विचारलं कुणाला? जे राहिले त्यांना. जे वैतागून सोडून गेले, ते त्या आलेखात कसे येतील? त्यांचा सोडा तर केव्हाच वाहून गेला. उरलेला कॅल्साइट सांगतोय, की इथे सगळं छान आहे.

पण हे सगळं ठीक आहे हो, त्याने फार तर एक बग राहतो. मला खरं टोचतं ते एक वाक्य. 'आमच्या वेळी हे डिप्रेशनबिप्रेशन काही नव्हतं.' तुमच्याही घरी कुणी ना कुणी म्हटलं असेलच. आपल्या पिढीतलं कुणी थेरपिस्टकडे जायला लागलं की हे वाक्य हमखास येतं. आणि समोर आकडे नसल्यामुळे आपण गप्प बसतो.

लेंगाईचा प्रश्न विचारून पाहा. असतं, तर टिकलं असतं का? शब्द नव्हता. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. सांगायची सोय नव्हती, आणि सांगितलं तर मुलीच्या धाकट्या बहिणींची लग्नं अडली असती. यातलं टिकणार काय आणि कशावर?

आता दुसरा प्रश्न. शेजारी डाग आहे का? माझ्या आजीच्या थोरल्या जाऊबाई ऐन तिशीत गेल्या. घरात त्यांच्याबद्दल तीनच शब्द आहेत: 'विहिरीवर पाय घसरला.' बस. फोटो नाही, पत्र नाही. मात्र आजी पुढची पन्नास वर्षं घरातल्या कुठल्याही बाईला एकटीला विहिरीवर जाऊ देत नसे. पाय घसरू नये म्हणून असेल, तर दिवसा काय आणि रात्री काय, सोबत कुणीही चालली असती. पण आजीचा नियम होता, की 'नवी सून असेल तर सोबत मीच जाणार, आणि वाटेत तिच्याशी बोलणार.' लहानपणी मला हा आजीचा नुसता विक्षिप्तपणा वाटायचा. आज तो मला फेनाइट वाटतो. काय झालं होतं ते मी सिद्ध करू शकत नाही. पण तिथून काहीतरी गेलं होतं, आणि ते आजीत मुरलं होतं.

तुमच्याही घरी असं असेल. 'जरा विचित्रच होती ती.' 'काका एकदम घर सोडून गेले.' 'अंगात यायचं तिच्या.' जुनी माणसं खोटं बोलतायत असं नाही. त्यांच्यापर्यंत जे टिकून पोचलं तेच ती सांगतायत. पण त्यावरून 'नव्हतं' असं म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता तुमच्यातले चाणाक्ष लोक लगेच म्हणणार, मग काय, कशालाही पुरावा नको? 'प्राचीन काळी विमानं होती, फक्त पुरावे टिकले नाहीत' हेही मान्य करायचं का? अजिबात नाही. म्हणूनच प्रश्न दोन आहेत, आणि दोन्ही विचारावे लागतात. विमान म्हणजे धातू. धातू म्हणजे खाणी, भट्ट्या, मळीचे ढीग, कारखाने, सुटे भाग. या गोष्टी विरघळत नाहीत. विमानं असती तर टिकण्यासारखं खूप काही मागे राहिलं असतं, आणि शेजारच्या शंभर गोष्टींवर डाग पडले असते. ते नाहीत. तिथे 'दिसत नाही' याचा अर्थ खुशाल 'नव्हतं' असा घ्या. उलट एका सुनेचं दुःख टिकायला काही आधारच नव्हता, आणि तरी डाग आहे. पुरावा नसण्याला किती वजन द्यायचं, हे तो पुरावा किती टिकाऊ असता यावर ठरवायचं. हा तर्क सैल नाहीये, उलट जास्त कडक आहे.

आणि यातून एक काम निघतं, आपल्यासाठी. विरघळणारी गोष्ट ताजी असतानाच डब्यात भरायची. सर्व्हिस कोसळली तर रिस्टार्टच्या आधी मेमरी डंप घ्या. मित्र नोकरी सोडून चाललाय तर निरोपाच्या केकपलीकडे त्याला एकदा विचारा, 'खरं काय झालं?' आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर 'कसे आहात' विचारून फोन ठेवू नका. नाव घेऊन विचारा, 'अमकी कशी होती हो?' उत्तर लगेच येणार नाही. दुसर्‍या-तिसर्‍या फोनला येईल. आलं की लिहून ठेवा, तारीख घालून.

लेंगाईचं विवर २००७-०८ च्या स्फोटक उद्रेकात पार बदलून गेलं. त्याच्या आधीची कित्येक वर्षं तिथे साचलेला लाव्हा गेला तो गेलाच. त्यानंतर नवा सोडियमवाला लाव्हा पुन्हा यायला लागला. डोंगराचं बरं आहे, तो पुन्हा ओकतो. माणसं तेच दुसर्‍यांदा सांगतीलच असं नाही.

तेव्हा सोमवारच्या आत एक फोन करा. बाकी पुढच्या शनिवारी.